तोंड धुवून या

माझी थोरली जाऊ तोंडाला काही न लावता कुणासमोर येत नाही. दारात दूधवाला आला तरी आधी आरसा, मग दार. माझ्या लग्नात माझा चेहरा तिनेच केला होता. गालावर स्पंज फिरवता फिरवता म्हणाली होती, "कातडी चांगली आहे गं, पण वापरतेस वाईट." आमचं जमलं म्हणा की बिनसलं म्हणा, जे काही झालं ते त्याच दिवशी. तिचं ब्युटी पार्लर आहे आणि मी प्रयोगशाळेत कातडीच्या पेशी वाढवते. सासूबाई होत्या तेव्हा आल्यागेल्याला सांगायच्या, "माझ्या दोन्ही सुना कातडीचंच काम करतात." आम्ही दोघी एकमेकींकडे बघून तोंडं वाकडी करायचो.

मी तिला ताई म्हणते. नावाने हाक मारायची आमच्यात सोय नाही, आणि जाऊबाई म्हटलं की ती म्हणते, "म्हातारी करू नकोस मला."

आता माझं काम. कंटाळवाणं आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्या टायरोसीन नावाच्या अमिनो आम्लापासून रंग तयार करतात. अमिनो आम्लं म्हणजे काही भयंकर प्रकार नाही. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे सुटे झालेले तुकडे. शरीर ते उचलतं आणि त्यातून हवं ते पुन्हा बांधतं. या रंगाच्या पेशी बिघडून बेसुमार वाढायला लागल्या की त्याला मेलानोमा म्हणतात, कातडीच्या कॅन्सरातला फार वाईट प्रकार. आणि त्याच पेशींना शरीराचे स्वतःचे रक्षक शत्रू समजून मारायला लागले, की अंगावर कोड येतं. पेशी एकच, दुखणी दोन. एकात रक्षक मलूल पडलेले, दुसऱ्यात नको तितके चवताळलेले.

मलूल का पडतात, हा माझा विषय. रक्षक गाठीपाशी पोचले की धोक्याची हाक देतात. ती हाक ऐकून गाठीतल्या पेशी काय करतात, तर ट्रिप्टोफॅन नावाचं आणखी एक अमिनो आम्ल भराभर संपवून टाकतात. आसपास कणभर ठेवत नाहीत. रक्षकांचं त्याच्यावाचून चालत नाही, ते उपाशी पडून सुस्तावतात. नुसती लुच्चेगिरी! साध्या कातडीच्या पेशीसुद्धा तीच हाक ऐकतात, थोडाफार तोच उद्योग करतात, तरी कोडात रक्षक सुस्तावत नाहीत. का नाहीत? या एका 'का'पायी माझे डोळे गेले, कंबर गेली, आणि बढती तर केव्हाच गेली. पेशींना सुट्टी कळत नाही. रविवारी सकाळी जगाला झोपा आणि मी हातमोजे घालून यांच्या खाण्याचं गुलाबी पाणी बदलायला उभी. स्वतःच्या नवऱ्याला इतक्या वेळेवर मी कधी खायला घातलेलं नाही.

तर अशा बाईच्या घरात, सख्ख्या जावेला मेलानोमा झाला आणि बाईला पत्ता नाही.

ताईच्या डाव्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ उठली होती. तिला वाटलं, नख चेमटलं असेल. रेघ दिसते कशी म्हणून तिने गडद नेलपॉलिश लावलं. रेघ रुंद झाली तसं नेलपॉलिश आणखी गडद झालं. त्या काळात मी तिच्या हातचा किती वेळा चहा प्यायले असेन, आणि दर वेळी म्हणत होते, हा रंग तुम्हाला छान दिसतो. शेवटी नखच उचललं गेलं तेव्हा ती डॉक्टरांकडे गेली. अंगठा पहिल्या पेरापासून काढावा लागला. टाके वाळले आणि बाई परत पार्लरमध्ये हजर. धागा डाव्या हाताच्या बाकीच्या बोटांत अडकवून भुवया करायला शिकली. मी म्हटलं, "ताई, थोडं दमा." ती म्हणाली, "दमायला तू आहेस की घरात."

मग काखेत गाठ आली. आमच्या प्रयोगशाळेच्या आवारातच हॉस्पिटल आहे, तिथे तिला नवं औषध सुरू झालं. हे औषध कॅन्सरला मारत नाही. ते रक्षकांना लावलेला लगाम काढून घेतं आणि म्हणतं, जा, काय करायचं ते करा. काही आठवड्यांनी एकदा जायचं, खुर्चीत बसायचं, सलाईनमधून घ्यायचं, घरी यायचं. भावोजी, म्हणजे तिचे यजमान, दर वेळी सोबत. भावोजी बसडेपोत वेळापत्रकं लावतात. बोलतात कमी, पण पोचतात सगळ्यांच्या आधी. डॉक्टरांच्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसतात आणि ती जे सांगेल त्याला मान डोलावतात.

मग स्कॅन झालं. रिपोर्ट दाखवायची वेळ डॉक्टरांनी आयत्या वेळी अलीकडे ओढली. मी तिथलीच, म्हणून निरोप माझ्याकडे आला. ताईचा फोन बंद होता. दुपारी काम टाकून मी पार्लरला गेले. पाय दुखत होते, डोकं दुखत होतं, आणि एका पोरीने चुकीच्या बाटलीतलं पाणी घालून आठवड्याचं काम मातीत घातलं होतं. एकूण मी कुणाशी गोड बोलण्याच्या अवस्थेत नव्हते.

पार्लरचं शटर अर्ध्यावर होतं. मी वाकून आत शिरले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. दोन खुर्च्या, आरसे, वॅक्स तापवायचं भांडं, सगळं पुसून ठेवलेलं. मागच्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली तर ती आतून ओरडली, "थांब! आत येऊ नकोस!" म्हटलं कपडे बदलत असेल. बसले. समोर क्रीमच्या बाटल्यांची फळी. त्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, पांढरी बरणी. तिच्यावरचं नाव मी झोपेतसुद्धा ओळखेन. टायरोसीन. आमच्याकडे हीच पांढरी पूड काचेच्या बरणीत असते, वजनकाट्यावर चिमटीचिमटीने मोजतो आम्ही. ती पार्लरमध्ये कशाला? मी झाकण उघडून बघितलं. अर्धी संपली होती, आत चमचा.

ताई बाहेर आली ती नेहमीसारखीच, चेहरा जागच्या जागी. माझ्या हातातली बरणी बघितली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काय खाताय?"

"थकवा येतो गं. कुणी सांगितलं चांगलं असतं."

"कुणी?"

"आहे एक जण. तुला काय करायचंय?"

"थकवा मलाही येतो ताई, मी नाही खात. खरं बोला."

"तू उठसूट उलटतपासणी घेऊ नकोस माझी. तुझ्या उंदरांची घे."

"आमच्याकडे उंदीर नाहीत, पेशी आहेत. रंग कशापासून बनतो ते कुठेतरी वाचलंत ना? कशाला हवाय तुम्हाला रंग?"

मी अंदाजानेच विचारलं होतं. ती दाराकडे वळली. जाऊन शटर पूर्ण खाली ओढलं, दिवा लावला आणि माझ्यासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. तिने एक कापूस तेलात भिजवला, हाताच्या पाठीवरून फिरवला आणि हात माझ्यासमोर धरला. बोटांच्या पेरांवर, मनगटाभोवती, पांढरे डाग. साध्या पुसण्याने न निघणारा कसलासा जाड लेप ती त्यावर लावत होती, कातडीच्या रंगाला इतका जुळवलेला, की मी, कातडी बघून पोट भरणारी बाई, दर आठवड्याला तिला भेटत होते आणि मला कळलं नव्हतं.

"तोंडावर?"

"पापण्यांवर. ओठांभोवती. मानेला तर विचारू नकोस."

"कधीपासून?"

"झाले काही महिने. औषध सुरू झाल्यावर. आधी एक ठिपका होता."

"आणि भावोजी?"

"त्यांना माहीत नाही."

मला हसूच आलं, चक्क. एका घरात, एका पलंगावर. "हे कसं जमवता हो तुम्ही?"

"त्यांच्या आधी उठते," ती म्हणाली. "ते झोपल्यावर धुते, ते उठायच्या आत लावून होतं. मधे जाग आली तर अंधार असतो. हसू नकोस. मी किती दमलेय तुला माहीत नाही. कॅन्सरने नाही दमले इतकी याने दमले."

 तिने मग सांगितलं. भावोजींच्या आत्याला कोड होतं. लग्न होऊन ताई या घरात आली तेव्हा आत्या माडीवरच्या खोलीत राहायची. तिचा पेला वेगळा, टॉवेल वेगळा, आणि बाहेरचं कुणी आलं की तिने खाली यायचं नाही. कुणी तिला वाईट बोलत नसे. फक्त तिने वापरलेल्या खुर्चीवर कुणी बसत नसे. ताई म्हणाली, "मी स्वतः बसले नाही कधी. तू माझ्या जागी असतीस तर सांगितलं असतंस? आणि माझा धंदा काय आहे? कोड असलेल्या बाईपुढे कोण चेहरा धरेल गं?"

"कोड लागत नाही ताई. हात लावून नाही, पेल्याने नाही, कशानेच नाही."

"ते तू मला शिकवू नकोस. गिऱ्हाइकाला शिकव जा."

मग मी तिला पूड का खाऊ नये ते समजावलं. म्हटलं, कारखान्यातले कामगार मारले गेलेत आणि तुम्ही कच्चा माल पाठवत बसलात. रंग करणाऱ्या पेशीच तिथे उरल्या नाहीत, तर किलोभर टायरोसीन खाल्लं तरी तो डाग भरायचा नाही. आणि मग मी मुद्द्याचं सांगितलं. तिचे हात धरून सांगितलं. तुमच्या गाठीतल्या पेशी आणि डागात मेलेल्या पेशी, एकाच जातीच्या आहेत. औषधाने रक्षकांचे लगाम सुटले, ते रंगाच्या पेशी शोधत सुटलेत आणि दिसतील तिथे मारतायत. चांगल्याही मारतायत, हे खरं. पण म्हणजे ते जागे आहेत. या औषधावर ज्यांच्या अंगावर कोड उठतं, त्यांचं पुष्कळदा बरं चालतं असं दिसलंय. डॉक्टरांनी रिपोर्टसाठी उद्याच बोलावलंय, त्यांना हे कळलंच पाहिजे.

"पुष्कळदा म्हणजे नेहमी?"

"नेहमी नाही."

खोटं कशाला बोलू? कातडीत जागे असलेले रक्षक गाठीत उपाशी पडून पेंगत असतील, हे मलाच सगळ्यात जास्त माहीत. माझं उभं आयुष्य त्या भीतीवरच चाललंय.

"मग राहू दे," ताई म्हणाली. "डॉक्टरांना सांगायचं म्हणजे ह्यांच्यासमोर सांगायचं. ते शेजारी बसलेले असतात."

"त्यांना बाहेर बसवू."

"कधी बसलेत बाहेर? बसा म्हटलं तर काय म्हणतील? उद्या रिपोर्ट चांगला आला की प्रश्नच मिटला. तू कुणाला बोलणार नाहीस. शब्द दे."

मी दिला. का दिला? दमले होते म्हणून. रिपोर्ट चांगला येईल असं वाटलं म्हणून. आणि तिच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, अंगठा गेला तेव्हासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांच्या खोलीत. डॉक्टर भला माणूस आहे, पण कायम पेंगुळलेला, जांभई दाबता दाबता त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. त्याने रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याची जांभई गेली.

"गाठ मोठी झालीय," तो म्हणाला. "बरीच."

भावोजींची मान डोलायची थांबली.

डॉक्टरने नीट सांगितलं, घाई केली नाही. म्हणाला, "कधीकधी असं होतं, की रक्षक पेशी गाठीत गर्दी करतात आणि त्या गर्दीनेच गाठ फुगलेली दिसते. पण ते क्वचित. तशी शंका घ्यायला दुसरी एखादी खूण लागते. नुसत्या आशेवर मी हे औषध चालू ठेवू शकत नाही. गाठ खरंच वाढत असेल, तर आपण मोलाचा वेळ घालवतोय." मग त्याने ताईकडे बघितलं. "अंगावर काही बदल? पुरळ? खाज? कुठे डाग?"

"नाही," ताई म्हणाली.

"काहीच नाही?"

"काही नाही हो."

इतकं सरळ म्हणाली, की मला क्षणभर वाटलं कालचं मी स्वप्नात बघितलं. डॉक्टरने तिच्या चेहऱ्याकडे, हातांकडे बघितलं. काय दिसणार त्याला? तिचं काम होतं ते, आणि तिच्या कामात खोट नसते. त्याने मान हलवली. "मग हे थांबवू या. दुसरं औषध आहे. ते या प्रकारात फारसं चालत नाही, पण..." आणि पेन उचललं.

मी ताईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. पदराचं टोक तिने बोटाभोवती गुंडाळलं होतं. तिला कळत होतं का? सगळं कळत होतं. काल मीच तर समजावलं होतं. ती तिथे बसून निवड करत होती, आणि तिची निवड ठरलेली होती. मला इतका राग आला, इतका राग आला! तिचा, भावोजींचा, त्या मेलेल्या आत्याला माडीवर बसवणाऱ्यांचा. आणि तरीही तोंड उघडेना, कारण शब्द दिला होता. शिवाय माझं चुकलं तर? डाग उघडे पडायचे आणि गाठ खरंच वाढत असायची. म्हणजे तिची लाजही गेली आणि जीवही गेला, आणि दोन्ही माझ्या हातून.

डॉक्टरचं पेन कागदाला टेकलं.

"डॉक्टर, जरा थांबा," मी म्हणाले. "ताई, तोंड धुवून या."

 भावोजी माझ्याकडे वळले. "म्हणजे?"

"त्या कोपऱ्यात बेसिन आहे, ताई. उठा."

तिने मान वर केली. तसं कुणी माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि देव करो, पुन्हा कुणी न बघो. "तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"दिला होता. मोडला. उठता की मी सांगू?"

ती उठली. मी केलं असतं तर रडतभेकत, ओढूनताणून केलं असतं. तिने पर्समधून तेलाची छोटी बाटली काढली, कापूस काढला, बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिली आणि गिऱ्हाइकाचं करावं तसं सावकाश, वरून खाली, पुसत गेली. कपाळ, मग पापण्या, मग ओठांभोवती. पदर काढून मान. शेवटी हात. मग साबण. पाण्याचा आवाज होत राहिला. डॉक्टर उठून उभा राहिला होता.

ती वळली. भावोजींनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. मग पुन्हा वर बघितलं.

"दिवे बंद करा," डॉक्टर मला म्हणाला. त्याने कपाटातून निळसर उजेडाचा हातदिवा काढला. कातडीवर रंग कुठे नाही ते त्या उजेडात लख्ख दिसतं. खोली अंधारली आणि ताईचा चेहरा उजळला. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, गळ्यावर, दोन्ही हातांवर, पांढरा निळसर उजेड. डॉक्टर दिवा फिरवत होता आणि प्रत्येक डागाला "अरे वा" म्हणत होता. कोडाला अरे वा म्हणणारा माणूस त्या अंधारात ताईला पहिल्यांदाच भेटला असेल. "अहो बाई! आणि मला म्हणता काही नाही? मी काय विचारत होतो इतके महिने?"

"तुम्ही खुश का होताय?" हा भावोजींचा आवाज. फाटल्यासारखा झाला होता.

डॉक्टरने दिवे लावले आणि त्यांना सगळं समजावलं, जे मी काल ताईला समजावलं होतं तेच. खात्री नाही म्हणाला. पण आता वाट बघायला कारण आहे. गाठीतून सुईने तुकडा काढू, आत काय भरलंय ते बघू, आणि औषध चालू.

"आणि हे?" ताईने स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

डॉक्टर गडबडला. "हे वाढू शकतं. औषध काम करत असेल तर बहुतेक वाढेलच."

"म्हणजे जगायचं तर असं."

"हो," मीच म्हणाले. डॉक्टरला म्हणवेना.

बाहेर आलो. ताई पुढे चालत होती, पदर डोक्यावरून घेऊन, भराभर. लोक बघत होते. भावोजी माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "आत्याचा पेला मीच नेऊन द्यायचो. पाणी भरून पायरीवर ठेवायचो आणि पळायचो. लहान होतो, सांगायचे तसं करायचो. हिने ते ऐकलं असणार कधीतरी." मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "पण मी इतका वाईट वाटलो हिला? आजारात मी शेजारी बसत होतो, आणि ही मला घाबरून बसत होती?"

मी त्यांना म्हटलं, पुढे जा, त्या एकट्या चालल्यात.

सुईने काढलेला तुकडा तपासून आला. गाठ रक्षकांनी गच्च भरली होती. त्यांतले किती जागे होते आणि किती उपाशी पेंगत होते, ते एवढ्याशा तुकड्यावरून कळत नाही. मी तो मायक्रोस्कोपखाली स्वतः बघितला, मान दुखेपर्यंत बघितला, आणि डॉक्टरला फक्त "आहेत" असं सांगितलं. बाकीचं वाट बघण्यावर होतं. ताईला औषध मिळत राहिलं.

ताई माझ्याशी बोलायची बंद झाली. बंद म्हणजे बंद. फोन नाही, निरोप नाही. आमच्याकडे जेवायला आली तर भावोजींना सांगायची, "तिला म्हणावं मीठ कमी आहे." मी समोर बसलेली. डाग कपाळावर सरकले, हात कोपरापर्यंत पांढरे झाले. पार्लरमध्ये पहिल्यांदा लेप न लावता गेली त्या आठवड्यात बरीच गिऱ्हाइकं तुटली. काही तोंडावर बोलली, काही नुसतीच फिरकली नाहीत. तिने पुढची एक खुर्ची विकून टाकली. हे मला भावोजींनी सांगितलं. त्यांनीच सांगितलं, की ती आता सकाळी उशिरापर्यंत झोपते, आणि उठल्यावर चहा घेते, मगच आरशासमोर जाते. मी ते ऐकून घेतलं आणि पेशींचं पाणी बदलायला गेले. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. तिचं घर, तिचा धंदा, तिचा चेहरा, सगळ्यात मी हात घातला होता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घातला असता. पण म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही.

पुढचं स्कॅन झालं. रिपोर्टच्या दिवशी मी माझ्या कामावरून उठून हॉस्पिटलच्या बाकावर जाऊन बसले. बोलावलं नव्हतं कुणी. ताई आणि भावोजी आले. ती मला बघून थबकली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. भावोजी आमच्या मधे बसले, मग काय वाटलं कोण जाणे, "पाणी आणतो" म्हणून उठून गेले.

तेवढ्यात डॉक्टर स्वतःच दार उघडून बाहेर आला. त्याला आत बोलावून सांगण्याइतका धीर नव्हता. "निम्मी झालीय!" तो सगळ्या बाकांसमोर म्हणाला. "अहो, निम्मी! गेली नाही अजून, पण निम्मी!" आणि पुढच्या पेशंटला हाक मारून आत पळाला.

मला रडू कोसळलं. रुमाल नव्हता, कोटाच्या बाहीनेच डोळे पुसले. ताई तशीच ताठ बसली होती. तिच्या पापण्या पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या, काजळसुद्धा नव्हतं. समोर बघत ती बोलली. मधे कुणी नसल्याने तिला माझ्याशीच बोलावं लागलं.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"आणि करणार नाही. मरेपर्यंत करणार नाही."

"चालेल, ताई," मी म्हणाले. "मला काही घाई नाही."